दूरदेशीचा मराठी कवी : भास्कर रामचंद्र तांबे

मराठी मुलखाबाहेर आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या मनात लेखणी हाती घेताना एक शंका हटकून येते. मराठीत लिहावे, पण ते कोणासाठी? शेजाऱ्याला ते वाचता येणार नाही, कचेरीतील सोबत्यांना समजणार नाही, आणि पुण्या-मुंबईचे संपादक आपल्याला ओळखत नाहीत. ज्यांना ही शंका पडते त्यांनी कविवर्य भास्कर रामचंद्र तांबे ह्यांचे चरित्र अवश्य डोळ्यांपुढे आणावे.

तांबे ह्यांचा जन्म २७ ऑक्टोबर १८७३ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावली ह्या गावी झाला. हे गाव आज मध्य प्रदेशात आहे. शिंदे, होळकर आणि पवार ह्यांच्या राज्यांमुळे त्या प्रांतात अनेक मराठी घराणी स्थायिक झाली होती. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा आपल्या मुलांचा रोजचा अनुभव तांबे ह्यांच्याही वाट्याला लहानपणापासून आला. त्यांचे शिक्षण झांशी व देवास येथे झाले. १८९३ साली ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु घरच्या आर्थिक अडचणींमुळे महाविद्यालयीन शिक्षण पुरे होऊ शकले नाही.

पुढे त्यांनी देवासच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून काम केले आणि त्यानंतर संस्थानी कारभारात निरनिराळी पदे सांभाळली. पदवी नाही म्हणून त्यांचा अभ्यास मात्र थांबला नाही. संस्कृत काव्य, टेनिसन व ब्राउनिंग हे इंग्रज कवी आणि रवींद्रनाथ ह्यांचे साहित्य त्यांनी मन लावून वाचले. ब्राउनिंगच्या परिचयातून मराठीत त्यांनी नाट्यगीत हा प्रकार रुजविला. एखाद्या प्रसंगी एखादे पात्र आपले मन उघड करते आणि त्यातून सारी कथा वाचकाला उमगते, असे त्या गीतांचे स्वरूप आहे.

त्यांच्या भोवती साहित्यिकांचे वर्तुळ नव्हते. पण संगीत भरपूर होते. ग्वाल्हेर ही तर गायकीची पंढरीच! जे भोवती होते त्याचेच तांबे ह्यांनी भांडवल केले. त्यांची कविता गळ्यातून आली, आणि अनेक कवितांच्या माथ्यावर रागाचे नावही दिलेले आढळते. कवितेखाली स्थळ व काळ नोंदविण्याची पद्धतही त्यांच्या संग्रहात दिसते. देवास, अजमेर, लष्कर-ग्वाल्हेर ही गावांची नावे वाचीत गेले, की एका चाकरमान्या कवीचा सारा प्रवास उलगडतो. विषयही त्यांनी दुरून आणले नाहीत. पतिपत्नींचे प्रेम, घरातील मूल, विधवेचे दुःख, उतरती संध्याकाळ आणि शांतपणे जवळ येणारा मृत्यू, असे हे विषय होते.

कीर्तीची मात्र त्यांनी घाई केली नाही. त्यांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला, तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. आणि तोही वा. गो. मायदेव ह्यांनी पुढाकार घेऊन संपादिला म्हणून. १९३५ साली त्यांची समग्र कविता माधव जूलियन ह्यांनी संपादून प्रसिद्ध केली. म्हणजे कवी ग्वाल्हेरीस असला, तरी त्याच्या कवितेची काळजी वाहणारे रसिक त्याला महाराष्ट्रात भेटले. १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबाराने त्यांना राजकवी म्हणून गौरविले. ७ डिसेंबर १९४१ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील काळातील टीकाकारांना त्यांची कविता अतिगोड वाटली. जगातील कठोर संघर्ष तिच्यात पुरेसा उमटत नाही, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हे. तरीही गोव्याचे बा. भ. बोरकर त्यांना गुरुस्थानी मानीत. आणि वसंत प्रभू व हृदयनाथ मंगेशकर ह्यांनी चाली दिलेली त्यांची गीते लता मंगेशकर ह्यांच्या कंठातून घरोघरी पोहोचली. मध्य भारतात लिहिलेले शब्द अखेर कोकणातल्या माजघरातही गुणगुणले गेले.

ह्या चरित्रातून आपण काय घ्यावे? प्रतिभा मागून मिळत नाही. पण सवयी उचलता येतात. लिहिलेल्या प्रत्येक मजकुराखाली गाव आणि तारीख घालावी. आपल्या पाठीमागे तोच कुटुंबाचा इतिहास ठरतो. नोकरीतून निवृत्त झाल्यावर लिहू, असे म्हणू नये. तांबे ह्यांनी चाकरी सांभाळूनच लिहिले. मराठी शब्द चुकत असल्यास मोठ्याने वाचावे, कारण डोळ्यांना न दिसलेली चूक कानाला कळते. आणि मंडळातील कोणी वही घेऊन संकोचाने पुढे आला, तर त्याला मायदेवांसारखा एक तरी वाचक मिळावा. तिसऱ्या पिढीत आपल्या घरातून मराठी नाहीशी होईल, ही भीती आपण एकमेकांपाशी नेहमी बोलून दाखवितो. ज्या घरात आजोबांची मराठी वही जपून ठेवलेली असते, तेथे नातवंडाला ती उघडण्याचे निमित्त तरी उरते.