मुदत संपली, जागा सोडली

स्नेहलतागंजच्या आम्हा मराठी लोकांना एक गोष्ट आठवावी. आणीबाणीत मधू लिमये मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते.

त्यांचा जन्म १ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांनी त्यांना १२ वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ साली ते सुटले. पुढे बिहारच्या मतदारांनी या मराठी माणसास लोकसभेवर पाठविले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि जुलैत लिमये विनाचौकशी स्थानबद्ध झाले. १९७६ साली निवडणूक न घेताच लोकसभेची मुदत वाढविण्यात आली. मतदारांनी दिलेला ५ वर्षांचा अधिकार आपण होऊन लांबविणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी राजीनामा दिला. तरुण सहकारी शरद यादव यांनीही दिला. १९७७ साली मतदारांनी सरकार बदलले. लिमये निवडून आले, पण मंत्रिपद त्यांनी घेतले नाही. माजी खासदाराचे निवृत्तिवेतनही नाकारले. ८ जानेवारी १९९५ रोजी ते दिल्लीत निवर्तले.

आज देशोदेशी जनतेचे नाव घेऊनच काही पुढारी न्यायालयांना व वृत्तपत्रांना वेसण घालू पाहतात. त्यांना बोल लावण्याआधी आपण स्वतःस विचारू या: आपल्या मंडळीच्या कमिटीत तरी मुदत संपताच जागा सोडणे आपणांस जमते काय?