आद्य क्रांतिकारक राजे उमाजी नाईक : मराठी निबंध व माहिती

रोज सकाळी वर्गात तुमची हजेरी होते. नाव पुकारलं की तुम्ही हात वर करता. आपल्याच महाराष्ट्रात अशी माणसं होऊन गेली, ज्यांची हजेरी रात्री पोलीस पाटलाच्या दारात व्हायची. गुन्हा काय? अमुक जातीत जन्म झाला, एवढाच. रामोशी समाज त्यांपैकी एक. त्याच समाजातल्या उमाजी नाईकांचे हे चरित्र आहे.

उमाजींचा जन्म ७ सप्टेंबर १७९१ रोजी पुरंदर तालुक्यातील भिवडी या गावी झाला. वडील दादोजी, आडनाव खोमणे. रामोशी म्हणजे गावाचा आणि गडाचा रखवालदार. पुरंदर किल्ल्याच्या परिसरात राखण करणे हे त्यांचे पिढीजात काम होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कंपनी सरकारचा अंमल आला आणि गडांच्या शिबंदीची गरजच उरली नाही. अनेकांची वतने गेली, वेतन बंद झाले. आता तुम्हीच सांगा, हातात शस्त्र चालवायची कला आहे आणि घरात दाणा नाही, तर तरुण मुलं काय करतील?

उमाजींनी दरोडे घातले, हे खरं आहे. ते लपवायचं काही कारण नाही. त्यांना तुरुंगवासही झाला आणि गंमत बघा, त्या तुरुंगात ते लिहायला-वाचायला शिकले! सुटल्यावर त्यांनी माणसं जमवली. पुरंदर, सासवड, भोर या डोंगराळ मुलखात कंपनीच्या फौजेला ते सापडेनात. शेवटी सरकारनेच त्यांना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामाला ठेवले. म्हणजे कालचा दरोडेखोर आज सरकारी रखवालदार! हे फार दिवस टिकलं नाही. उमाजी पुन्हा डोंगरात गेले आणि १८३१ मध्ये त्यांनी जाहीरनामा काढला. इंग्रजांची चाकरी सोडा, त्यांना सारा देऊ नका, असा त्याचा आशय होता. नुसत्या लुटीवर डोळा असलेला माणूस जाहीरनामा कशाला काढेल?

फितुरी झाली आणि डिसेंबर १८३१ मध्ये भोरजवळच्या उत्रोळी गावी ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांचे प्रेत तीन दिवस झाडाला टांगून ठेवले होते, असे सांगतात. त्यांच्या पाठलागावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३३ मध्ये रामोशांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. उमाजींची बरीचशी माहिती आपल्याला त्यातूनच मिळते. पकडणाराच चरित्रकार झाला म्हणा ना!

उमाजी गेले, पण शिक्का राहिला आणि तो एका माणसावरून सगळ्या समाजावर गेला. १८७१ मध्ये 'गुन्हेगार जमाती' कायदा आला, पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पोरगं मोठं झालं की बोटांचे ठसे, हजेरी, परगावी जायला परवानगी. आणि इकडे पुण्याच्या कॅम्पात साहेब लोक आपल्या बंगल्यावर रात्रीच्या राखणीला रामोशीच ठेवत, बरं का!

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. महाराष्ट्रातील १४ विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. पण आजही कुठे चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर गाडी जाते आणि दुसऱ्या दिवशी बातमीत टोळीच्या आधी जातीचे नाव छापून येते. पुढारीही वस्ती हलवा म्हणून निवेदनं देतात. आरोप सिद्ध झाला नाही, तर ती बातमी मात्र येत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलीस कृष्णवर्णीय तरुणांना रस्त्यात अडवून झडती घेत. ती ज्या रीतीने चालली होती, ते घटनाबाह्य असल्याचे तिथल्या न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी कारागृहांच्या नियमावलीतील विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी रद्द केल्या.

उमाजींना जिथे कैदेत ठेवले होते, ती मामलेदार कचेरी पुण्यात खडकमाळ आळीत आहे. तिथे आज त्यांचे स्मारक आहे. सहलीला शनिवारवाडा बघायला गेलात, तर बाईंना सांगून तिकडेही जाऊन या.