स्फटिकांत रमलेले रामन

मोहने, प्रतिनिधी

उल्हास नदीकाठचे मोहने असो वा कल्याण-डोंबिवलीतील एखादी नवी वसाहत, पायाखालचा खडक एकच, काळा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तो तयार झाला. थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत गारगोटी, कॅल्साइट, स्टिल्बाइट यांसारख्या खनिजांचे स्फटिक वाढले. शाळेत मात्र खनिजांचा धडा बहुधा नावे आणि कोष्टके पाठ करण्यातच संपतो. दगड हाती येतच नाही. ज्यांच्या शोधाची आठवण म्हणून दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो, त्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांची रीत याच्या नेमकी उलट होती. आधी पाहायचे, मग विचारायचे आणि सूत्र सर्वांत शेवटी.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील गणित व भौतिकशास्त्राचे अध्यापक असल्याने घरातच ग्रंथांचा सहवास लाभला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०७ मध्ये ते एम. ए. झाले. विज्ञानात पोटापाण्याची सोय नसल्याने त्यांनी सरकारच्या अर्थखात्यात नोकरी धरली. कलकत्त्याला असताना कचेरीच्या वेळेपूर्वी आणि नंतर बहुबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशनच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. या नोकरीत रंगूनप्रमाणेच नागपूरलाही त्यांची बदली झाली होती. त्याच नागपुरात १९९२ मध्ये त्यांच्या नावाचे विज्ञान केंद्र उभे राहिले. १९१७ मध्ये अधिक पगाराच्या सरकारी नोकरीवर पाणी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९२१ मध्ये युरोपच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना वेधले. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे तेव्हाचे मत त्यांना पटेना. परतीच्या वाटेवर त्यांनी बोटीवरूनच निकोल लोलकातून पाण्याकडे पाहिले. हा लोलक म्हणजे कॅल्साइटच्या पारदर्शक स्फटिकाचे दोन तुकडे जोडून केलेले साधे उपकरण. त्यातून पृष्ठभागावरचे परावर्तन वगळता येते. ते वगळूनही निळाई कायम राहिली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ताडले. या वाटेने पुढे जात त्यांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘रामन परिणाम’ शोधला. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९३३ मध्ये रामन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या कमला भागवत यांनी तेथे प्रवेश मागितला. केवळ स्त्री म्हणून रामन यांनी तो नाकारला. मुंबईच्या या तरुणीने माघार घेतली नाही. तिने संचालकांसमोर सत्याग्रहाचा पवित्रा घेतला. अखेर एक वर्षाच्या अटीवर तिला प्रवेश मिळाला. वर्षभराचे काम पाहून रामन यांना आपला निर्णय बदलावा लागला आणि संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले. याच कमलाबाई सोहोनी पुढे केंब्रिजच्या पीएच. डी. झाल्या आणि मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदापर्यंत पोहोचल्या. १९४० पासून अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणकांच्या वर्णपटांवर संशोधन केले. मात्र एम. एस्सी.ची पदवी नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली.

उत्तरायुष्यात रामन यांना हिरा, ओपल, लॅब्रडोराइट, चंद्रकांत मणी यांनी झपाटले. लॅब्रडोराइटचा करडा दगड जरा कलता धरला की निळा-हिरवा झळकतो. हा रंग द्रव्याचा नसून आतील अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो. सगळेच निष्कर्ष टिकले असे नाही. स्फटिकांतील अणूंच्या कंपनांविषयी त्यांचा मॅक्स बॉर्न यांच्याशी दीर्घ वाद झाला आणि पुढील संशोधनाने बॉर्न यांचीच बाजू उचलून धरली.

१९४८ मध्ये त्यांनी बंगळूरमध्येच स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. सरकारी अनुदानाचे बंधन नको म्हणून ते त्यापासून कटाक्षाने दूर राहिले. या संस्थेत त्यांनी जमवलेले स्फटिक, खनिजे, रत्ने, शिंपले आणि फुलपाखरे मांडून संग्रहालय केले. एका अंधाऱ्या खोलीत खनिजे ठेवलेली असत. साध्या उजेडात ती मळकट, ओबडधोबड दिसत. अतिनील दिवा लावला की तीच हिरवी, नारिंगी, जांभळी उजळून निघत. न दिसणारा प्रकाश शोषून दिसणारा प्रकाश देणे, ही प्रतिदीप्तीची संकल्पना मुलांना एका क्षणात उमगे. १९५४ मध्ये भारतरत्न लाभलेले रामन अखेरच्या वर्षांत मोठ्यांच्या वर्दळीला कंटाळले होते, पण शाळकरी मुले आली की त्यांची कळी खुले. १९६८ च्या डिसेंबरात, वयाच्या ८० व्या वर्षी, अहमदाबाद येथे विक्रम साराभाई यांच्या विज्ञान केंद्राच्या पायाभरणीला ते गेले. तेथे आकाश निळे का दिसते, हे त्यांनी उलगडून सांगितले.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या आवारातच अंत्यसंस्कार झाले. तेथे स्मारकाऐवजी एक झाड लावण्यात आले.

रामन यांचा संग्रह बंगळूरला आहे. तेथवर जाणे प्रत्येक शाळेला शक्य नाही. पण ज्या कॅल्साइटच्या साह्याने त्यांनी समुद्राच्या निळाईचा माग काढला, ते खनिज सह्याद्रीच्या कातळातही सापडते. विज्ञान दिनाच्या भाषणांबरोबर वर्गात एक दगड आणि एक भिंग फिरले आणि ते प्रत्येक मुलाच्या, प्रत्येक मुलीच्या हाती पोहोचले, तर रामन यांची रीत आणि कमलाबाईंची जिद्द दोन्ही सार्थकी लागतील.