इंद्रकन्येचा नाटककार : ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग

१८४९ साली स्टॉकहोम येथे जन्मलेल्या स्ट्रिंडबर्गने आपल्या आत्मकथेस ‘मोलकरणीचा मुलगा’ असेच नाव दिले. तो आठ वर्षे राजग्रंथालयात चाकरीस होता. (आम्हां नोकरदारांस तेवढाच दिलासा!) १८७२ साली लिहिलेले ‘मास्टर ओलोफ’ रंगभूमीवर येण्यास १८८१ साल उजाडले. १८८४ मध्ये ईश्वरनिंदेचा खटला झाला. त्यातून तो निर्दोष सुटला. तीन संसार मोडले, कितीतरी वर्षे परमुलखात गेली. आणि १९०१ साली ‘स्वप्ननाटका’त या स्वीडिश माणसाने आपल्या इंद्राची कन्या मानवाचे दुःख जाणण्यासाठी पृथ्वीवर उतरविली! नोबेल पारितोषिक त्यास लाभले नाही. १९१२ साली जनतेनेच वर्गणी काढून सुमारे ४५,००० क्रोनरची थैली अर्पण केली. त्याच वर्षी मे महिन्यात तो निवर्तला.