ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

गुलबर्ग्याच्या आम्हा जुन्या मराठी घरांत एकादशी कोणत्या दिवशी धरावयाची यावरून पूर्वी दरसाल एकदा तरी वाद होई. एका घरी जुने पंचांग, शेजारी नवे. तिथीत थोड्या घटकांचे अंतर पडे आणि उपवास दोन दिवसांवर जाई. अशाच वादात ‘केतकी’ हे नाव मी लहानपणी प्रथम ऐकले. ते फुलाचे नसून एका शाळामास्तरांच्या आडनावावरून आलेले आहे, हे पुष्कळ उशिरा कळले. हे मास्तर आमच्या लगतच्या जिल्ह्यातले. गुलबर्गा निजामाच्या राज्यात आणि विजापूर मुंबई इलाख्यात, एवढाच काय तो भेद.

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. ते चार वर्षांचे असताना नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, ते फाशी गेले आणि संस्थान खालसा झाले. विशीच्या सुमारास केतकर शाळाखात्याच्या नोकरीत शिरले आणि पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून राहिले. पदरी ना वेधशाळा, ना मदतनीस. मुलांना शिकवून उरेल तो वेळ आणि कागदावरचे आकडे, एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा दिसतो, पण तसा नव्हता. दक्षिणेतील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावरून होत. ग्रंथ उत्तमच, परंतु ग्रहांच्या गतीत धरलेली बारीक चूक साडेतीनशे वर्षे साचत गेली, आणि पंचांगातील ग्रह एकीकडे व आकाशातील दुसरीकडे, अशी स्थिती झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके काढून सुधारणेची वाट घालून दिली. केतकरांनी ती पुढे नेली. युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली गणिते त्यांनी अभ्यासिली आणि ज्योतिर्गणितम् हा संस्कृत ग्रंथ रचला. खेड्यातल्या जोश्यालाही परदेशी पंचांगाकडे न पाहता शुद्ध ग्रह काढता यावेत, ही त्यातील योजना होती.

पुढे राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा हा वाद पेटला. लोकमान्य टिळक आणि त्यांचा पक्ष रेवतीचा. केतकर चित्रा ताऱ्याचे. दोन्हींत सुमारे चार अंशांचे अंतर, आणि तेवढ्यावरून एखाद्या वर्षी अधिक महिनासुद्धा वेगळा येई. लोकमान्यांच्या शब्दाला त्या काळी जे वजन होते ते आठवावे, म्हणजे एका मास्तराने आपल्या गणितावर उभे राहण्यात किती बळ लागले असेल ते उमगेल.

१९११ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यांचा लेख फ्रान्सच्या ज्योतिष मंडळाच्या नियतकालिकात आला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत लाप्लास यांनी दाखविलेला मेळ बाहेरच्या ग्रहांना लावून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले. पहिल्यास नाव दिले ब्रह्मा. पृथ्वीच्या सूर्यापासूनच्या अंतराच्या ३८.९५ पट दूर, प्रदक्षिणा २४२ वर्षांची. १९३० च्या आरंभी अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, प्रदक्षिणा २४८ वर्षांची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर विजापुरास निवर्तले.

आमच्याकडे केतकरांचे नाव निघाले की या प्लूटोचीच गोष्ट सांगतात. मला मात्र ती त्यांच्या कीर्तीचा पाया वाटत नाही. प्लूटो अगदी लहान निघाला, २००६ साली त्याचे ग्रहपद गेले, आणि केतकरांनी सांगितलेला दुसरा ग्रह त्या जागी मिळाला नाही. जुळले ते बरेचसे योगायोगाने. टिकले ते वेगळेच. १९५२ साली भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली आणि तिने चित्रा ताऱ्याला जुळणारे मानच स्वीकारले. तोवर केतकरांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

घरातील मुलगा किंवा मुलगी संशोधनास लागली की चार वर्षांतच वडीलधारी माणसे विचारू लागतात, हाती काय आले? त्यांनी केतकरांची सनावळी पाहावी. नोकरी विशीत, मुख्य ग्रंथ चाळिशीच्या आसपास, परदेशी छापलेला लेख सत्तावन्नाव्या वर्षी, आणि देशोदेशींच्या कालगणनेवरील मोठा इंग्रजी ग्रंथ १९२३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी. यातले एकही वर्ष गाळून पुढचे आले नसते.