मॅरियन अँडरसन आणि त्यांचे गुरू

मॅरियन अँडरसन यांचा जन्म १८९७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबात झाला. वडील लवकर निवर्तले. आईने लोकांचे कपडे धुऊन आणि साफसफाईची कामे करून तीन मुलींना वाढविले. चर्चच्या गायनवृंदात थोरल्या मुलीचा भारदस्त आवाज सर्वांच्या कानी भरला होता. तिने एका संगीतशाळेत प्रवेश मागितला, तेव्हा खिडकीतल्या तरुणीने मागच्या सर्वांना आधी बोलावले आणि शेवटी काळ्यांना येथे प्रवेश नाही एवढेच सांगितले. तिचे गाणे कोणी ऐकलेच नाही!

ते ऐकून तिला विनामूल्य शिकविणाऱ्या पहिल्या बाई मेरी पॅटरसन. पुढच्या शिक्षणासाठी चर्चच्या मंडळींनी वर्गणी जमविली. मुख्याध्यापिकांच्या खटपटीने जुझेप्पे बोगेट्टी या नामांकित गायनशिक्षकांची भेट ठरली. नव्या विद्यार्थ्यासाठी आपल्याला वेळ नाही, असे त्यांनी आधीच बजावले होते. मॅरियनने एक भक्तिगीत म्हटले आणि वेळ निघाला.

मात्र चांगला आवाज ऐकून भारावणे म्हणजे विश्वास नव्हे. तसा तर कोणीही भारावतो. शिष्याचे अपयश डोळ्यांसमोर असताना गुरू काय करतो, हे पाहावे. १९२४ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील मॅरियनबाईंच्या कार्यक्रमाला श्रोते थोडे आले आणि जर्मन गीतांवर समीक्षकांनी टीका केली. त्या इतक्या खचल्या की गाणे सोडण्याचा विचार करू लागल्या. बोगेट्टींकडे जाणेही थांबले. काही महिन्यांनी त्या परतल्या, तेव्हा धडे पुन्हा सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गुरूंनी त्यांना न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या स्पर्धेत उतरविले. स्पर्धक तीनशेच्या आसपास. परीक्षकांची खूण होताच थांबायचे, असा नियम. बोगेट्टींनी मात्र खूण झाली तरी शेवटच्या कंपस्वरापर्यंत गायचे, असे शिष्येला बजावून ठेवले होते. प्रत्यक्षात खूण झालीच नाही. मॅरियनबाईंनी गीत पूर्ण केले आणि स्पर्धाही जिंकली.

बोगेट्टी सर्वज्ञ नव्हते. जर्मन भाषेची उणीव त्यांच्या वर्गात भरून निघाली नाही. त्यासाठी शिष्येला बर्लिन गाठावे लागले. शिवाय गुरूच्या विश्वासाने सभागृहांची दारे उघडत नाहीत. युरोपात कीर्ती मिळवूनही १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना वर्णामुळे नाकारले आणि त्यांनी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभे राहून सुमारे ७५,००० लोकांसमोर गायन केले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने तर त्यांना रंगमंचावर बोलावण्यासाठी ७ जानेवारी १९५५ उजाडू दिला. तेथे प्रमुख गायकांत उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत; वय ५७. बोगेट्टींना जाऊन तेव्हा जवळजवळ चौदा वर्षे झाली होती.