परमपूज्य बाबासाहेब आणि आपल्या घरातली वीज

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत बाबासाहेबांवर लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. आम्ही सूतगिरणीत घाम गाळणारी माणसं. शाळा अर्धवट सुटली, पण वाचनाची गोडी बाबासाहेबांमुळेच लागली. चवदार तळ्याचे, राज्यघटनेचे, दीक्षाभूमीचे बाबासाहेब सर्वांना ठाऊक आहेत. पण बटण दाबल्यावर आपल्या खोलीत जो दिवा लागतो, त्यामागचे बाबासाहेब फार थोड्यांना माहीत आहेत. म्हणून हा लेखनप्रपंच.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला भीमराव पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत, एकाच खोलीत वाढला. खोली लहान, माणसं जास्त. रात्री दोनच्या सुमारास सुभेदार रामजीबाबा पोराला उठवीत आणि मिणमिणत्या दिव्याशी त्याचा अभ्यास चाले. उजेडाची किंमत बाबासाहेबांना लहानपणीच कळली. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते जगाच्या तोडीचे अर्थशास्त्रज्ञ झाले. १९२३ साली त्यांनी लंडनची डी.एस्सी. पदवी मिळविली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. हे आम्ही गिरणीवाले कसे विसरू? पण त्याच खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते.

२५ ऑक्टोबर १९४३ रोजी दिल्लीत धोरण समितीपुढे त्यांनी विजेचा प्रश्न मांडला. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, त्याशिवाय कारखानदारी वाढणार नाही. कारखाने वाढले नाहीत तर शेतीवरचा बोजा हटणार नाही आणि गरिबी पिढ्यान्‌पिढ्या सुटणार नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात त्यांनी बैठक घेतली. पूर आवरायचा, शेतीला पाणी द्यायचे आणि त्याच पाण्यावर वीजही काढायची, अशी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवरची ही योजना होती. ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे निगम उभे राहिले. त्याच वर्षी वीजपुरवठा कायदा होऊन राज्यांच्या वीज मंडळांची वाट मोकळी झाली. तेव्हा बाबासाहेब कायदामंत्री होते, वीज खाते त्यांच्याकडे नव्हते. तरी पायाचे दगड त्यांच्या काळात बसले होते. आणि पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, ही मागणी त्यांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात लिहूनच ठेवली होती.

खरं तेही सांगितलं पाहिजे. धरणांत गावं बुडाली, त्यांत आदिवासी बांधव फार होते. त्याच दामोदर निगमाची बहुतेक वीज आज कोळशावर होते. आपल्याकडे चंद्रपूरचंही तेच. राख आणि धूर शेजारच्या गरिबांच्या छातीत जातो.

आता सूर्यापासून वीज घ्या म्हणतात. चांगलंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं. पण एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट मोकळी गच्ची लागते, आणि अनुदान सोडून उरलेले पैसे पदरचे घालावे लागतात. पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याने पाट्या कुठे लावायच्या? उलट एका मीटरवर तीन खोल्या असल्या की शंभर युनिट केव्हाच ओलांडतात, पुढच्या युनिटांचा दर चढतो, आणि ज्याच्याकडे कमी त्याच्यावरच भार जास्त पडतो. आमच्या घरी एकदा बिल थकलं, वीज तोडली. थोरलीने दहावीचा अभ्यास मेणबत्तीवर केला. त्या रात्री आम्हाला डबक चाळीतला दिवा आठवला आणि झोप लागली नाही.

शंभर वर्षं लोटली तरी पोरगी मेणबत्तीवरच वाचणार असेल, तर आपण बाबासाहेबांची नुसती जयंतीच केली, असं म्हणावं लागेल.

म्हणून आमची सूचना अशी की, विहाराला गच्ची आहे, ती सर्वांची आहे. तिथे पाट्या बसवाव्यात आणि त्या उजेडात रोज रात्री मुलांची अभ्यासिका चालवावी. मिरवणुकीच्या विद्युत रोषणाईचा खर्च थोडा आवरला तरी सुरुवात होईल. स्वतःचं छप्पर नसलेल्यालाही सूर्याची वीज स्वस्तात मिळावी, यासाठी सरकारदरबारी मागणी लावून धरावी. स्वस्त आणि मुबलक, हे बाबासाहेबांचे दोन शब्द बिलावर दिसतील तेव्हाच काम पुरं झालं म्हणायचं.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या क्रांतिसूर्यास आमचे विनम्र अभिवादन!

जयभीम! नमो बुद्धाय!